ओंडक्यांच्या घराची वायरिंग: जांबोटी भागातल्या एका अंदाजपत्रकाचा प्रकरण अभ्यास

बेळगाव-चोर्ला रस्त्यावर, जांबोटीच्या अलीकडे थोडं आत, टिळकवाडीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लाकडी ओंडक्यांचं घर बांधायला काढलं. पुढचा भाग होमस्टेसाठी, मागच्या दोन खोल्या घरच्यांसाठी. ते माझ्याकडे आले तेव्हा जांभ्याचं जोतं पूर्ण झालं होतं आणि ओंडके ताडपत्रीखाली येऊन पडले होते. वायरिंगचे दोन दर त्यांनी आधीच घेतले होते. एक पॉइंटवर: 56 पॉइंट, मालासकट 1,700 रुपये, म्हणजे 95,200. दुसरा चौरस फुटावर: 1,050 चौरस फुटांना 110 रुपयांप्रमाणे 1,15,500. मी जागेवर मोजमाप करून दिलेला आकडा होता 2,08,500.

"हे दुप्पट कसं ओ?" काकांचा पहिलाच प्रश्न. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला मला त्यांच्याबरोबर जोत्यावर बसून अख्खा हिशोब उलगडावा लागला. खानापूर तालुक्यात अशी लाकडी घरं आणि कॉटेज आता बरीच व्हायला लागली आहेत, आणि वायरिंगचे दर मात्र विटांच्या घराच्या मापाने दिले-घेतले जातात. म्हणून तो हिशोब इथे सविस्तर मांडतो.

घर कसं होतं

बाहेरच्या चारही भिंती प्रक्रिया केलेल्या पाइनच्या गोल ओंडक्यांच्या. खालच्या बाजूला खाच, त्यामुळे एक ओंडका दुसऱ्यावर बसला की भिंतीची उंची साडेसात इंचांनी वाढायची. असे 14 थर, म्हणजे 105 इंच, पावणेनऊ फूट. आतल्या आडव्या भिंती मात्र लाकडी चौकटीवर फळ्या मारलेल्या, पोकळ. जमीन जोत्यापासून दीड फूट उचललेली, खाली लाकडी तुळया आणि मोकळी जागा. वर खानापूरची कौलं, कौलांखाली फळ्यांचं छत. दोन्ही बाथरूम सिमेंट ब्लॉकची.

विटांच्या किंवा जांभ्याच्या घरात पॉइंटचा दर चालतो, कारण भिंत कुठूनही फोडता येते. झिरी मारायची, पाइप टाकायचा, गवंडी वरून गिलावा करतो. बोर्ड इथून तिथे दोन फूट सरकला तरी खर्चात फरक पडत नाही. त्यामुळे सगळे पॉइंट साधारण सारखे धरून सरासरी दर लावता येतो. ओंडक्याची भिंत आतून भरीव असते आणि दोन्ही बाजूंनी तीच दिसते. गिलावा नाही, झाकायला काही नाही. एकदा भिंत उभी राहिली की वरून खाली भोक पाडायला जागाच उरत नाही. मग भिंतीवरून पाइप किंवा केसिंग पट्टी फिरवणं एवढाच मार्ग, आणि इतक्या हौसेने लाखो रुपयांचं लाकूड आणणाऱ्या माणसाला त्या पांढऱ्या पट्ट्या रोज डोळ्यात खुपतात.

अशा घरात पॉइंट मोजून काहीच कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येक पॉइंटपर्यंत वायर कुठल्या वाटेने जाणार ते मोजावं लागतं.

एका दिव्याची वाट

पडवीतला एक दिवा घेऊ. नकाशावर तो बटणापासून तेरा फुटांवर आहे. बटण हॉलच्या दाराशेजारी, दिवा त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, साडेसहा फूट उंचीवर. विटांच्या घरात वायरमन डोळे मिटून चार-साडेचार मीटर धरेल.

आम्ही सुतळी लावून मोजलं. बटण ओंडक्याच्या भिंतीतून काढून शेजारच्या पोकळ भिंतीत नेलं, म्हणजे तिथे भोकांची गरजच नाही. तिथून वायर भिंतीच्या पोकळीतून छतापर्यंत, मग छताच्या फळ्यांवरून बाहेरच्या भिंतीकडे, आणि तिथे सर्वात वरच्या चौदाव्या ओंडक्यातून अकराव्या ओंडक्यापर्यंत खाली. चार ओंडक्यांना भोक, अकराव्यात डबीसाठी खोबण. सुतळीची लांबी भरली अकरा मीटर. त्यात दोन्ही टोकांना फूटभर सैल वायर धरायची, तिचं कारण पुढे येईल.

सगळे 56 पॉइंट असे मोजले. नकाशा आधीच ठरलेला होता, पण बोर्डांच्या जागा ठरल्या नव्हत्या, आणि पैसे वाचवायची खरी जागा तीच. 11 बोर्डांपैकी 7 पोकळ भिंतींत नेता आले. काकींना स्वयंपाकघरात ओट्याच्या उजव्या हाताला बोर्ड हवा होता, तो डाव्या हाताला घ्यायला त्या तयार झाल्या. त्या एका बदलाने सात भोकं आणि एक खोबण वाचली.

ओंडक्यांच्या भिंतीत शेवटी उरले 4 बोर्ड, 9 सॉकेट आणि पडवीचे 3 दिवे. बोर्ड चार फुटांवर, म्हणजे सातव्या ओंडक्यात. खालून येणाऱ्या वायरला सात ओंडके. चार बोर्डांची 28 भोकं. सॉकेट फूटभर उंचीवर, दोन-दोन ओंडके, 18 भोकं. पडवीच्या दिव्यांची 12. एकूण 58 भोकं आणि 16 खोबणी.

ही 58 भोकं ओंडका भिंतीवर चढण्याआधी किंवा चढताक्षणी पाडायची असतात. खालच्या भोकावर वरचं भोक बरोबर यायला हवं, आणि ते ओंडक्यांच्या खाचेच्या मधोमध पडायला हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत यायला वाट मिळते. सुतार दिवसाला दोन-तीन थर चढवत होते. म्हणजे वायरमन आणि त्याचा हेल्पर सहा दिवस तिथेच हजर हवेत. प्रत्यक्ष गिरमिटाचं आणि पटाशीचं काम बावीस-चोवीस तासांचं असेल, पण मजुरी सहा दिवसांची. वायरमन 1,000 आणि हेल्पर 700, सहा दिवसांचे 10,200. पॉइंटच्या दरात ही रक्कम कुठेच नसते, कारण त्या दरात वायरमन भिंत झाल्यावर येतो.

लाकूड खाली बसतं

ओंडक्याच्या घराची ही गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच वायरमनना नवी आहे. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही. आडवं, म्हणजे जाडीच्या दिशेने, काही टक्के आटतं. उभा खांब तेवढाच राहतो आणि आडव्या ओंडक्यांची भिंत हळूहळू खाली बसते. 105 इंचांच्या भिंतीत 3 टक्के धरले तरी तीन इंच. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने हवा ओली, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडी. लाकूड तिथे नुसतं आटत नाही, दरवर्षी थोडं फुगतं आणि पुन्हा आटतं.

भोकांतून एकसंध कडक पाइप ठोकून बसवला तर वरचा ओंडका त्या पाइपावर टेकतो. मग एकतर भिंतीत फट राहते किंवा पाइप चेपून वायर दाबली जाते. म्हणून भोक वायरच्या गरजेपेक्षा मोठं, 32 मिलिमीटरचं, आत लवचीक पाइप, आणि जमिनीखाली व छताकडे वायरला सैल वळसा. पडवीच्या खांबावरून जिथे पाइप वर चढतो, तिथे खिळपट्टीला लांबट भोक, म्हणजे भिंत सरकली की पाइप ओढला जात नाही. या सैल वळशांचीच वायर अंदाजपत्रकात एका कॉइलच्या, म्हणजे एका अख्ख्या गुंडाळीच्या, आसपास जाते.

आणखी एक गोष्ट: लाकूड उष्णता चटकन बाहेर जाऊ देत नाही. भिंतीच्या भोकातली वायर गिलाव्यातल्या वायरपेक्षा जास्त तापते. म्हणून गिझर आणि इंडक्शनला 2.5 ऐवजी 4 चौरस मिलिमीटरची वायर धरली.

आग आणि अर्थिंग

बेळगावच्या जुन्या वाड्यांत सागवानी पट्टीवर क्लिपा मारून वायरिंग असायची आणि ती पन्नास-पन्नास वर्षं टिकली, हे काकांनी बरोबर सांगितलं. पण त्या वायरवर चार दिवे आणि एक रेडिओ असे. या घरात मी जोडलेला भार मांडला: दिवे 250 वॅट, पंखे 420, एक्झॉस्ट 120, साधे सॉकेट 1,600, आणि पॉवरचे सात पॉइंट मिळून 8,750, त्यात दोन गिझर, इंडक्शन, फ्रीज, वॉशिंग मशीन, किटली-मायक्रोवेव्हचा एक पॉइंट आणि पंप. बेरीज 11,140 वॅट. सगळं एकदम चालत नाही, एका वेळचा भार मी साडेपाच किलोवॅट धरला, म्हणजे 24-25 अँपिअर.

विटांच्या भिंतीत स्क्रू ढिला राहिला तर बोर्ड जळतो. इथे बोर्डामागची भिंतच जळणारी आहे. त्यामुळे काही खर्चांवर मी तडजोड करत नाही, मालक कितीही ओळखीचा असो. लाकडात बसणाऱ्या सगळ्या डब्या जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या. भिंतीच्या आत एकही जोड नाही. जोड फक्त उघडता येईल अशा डबीत. वायर कमी धुराची, आग न पसरवणारी. प्रत्येक भोकाची तोंडं आगरोधक सीलंटने बंद, म्हणजे धूर, वारा आणि मुंग्या तिघांनाही वाट नाही. जमिनीखालच्या मोकळ्या जागेत उंदीर येणारच, तिथे जाड भिंतीचा पाइप.

आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारं उपकरण. मीटरपाशी 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आगीसाठी, घरातल्या डीबीत (सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीत) 30 मिलिअँपिअरचे दोन, माणसांच्या सुरक्षेसाठी. "एमसीबी आहे की, मग हे कशाला?" असं काकांच्या धाकट्या भावाने विचारलं. एमसीबी म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तर त्याचं उत्तर जमिनीत आहे.

इथली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये ती इतकी कोरडी होते की चांगला खड्डा घेऊनही अर्थिंगचा रोध चार-पाच ओहमच्या खाली आणणं अवघड जातं. 230 व्होल्टला 5 ओहमने भागा: 46 अँपिअर. गिझरच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीत एवढाच करंट जाईल. 16 अँपिअरचा सी-टाइप एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट, 80 ते 160 अँपिअर लागतात. म्हणजे तो लगेच पडणार नाही, तापून पडायला बरेच सेकंद घेईल, आणि तेवढा वेळ गिझरच्या बॉडीवर वीज असेल. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र जमिनीतून जाणारा एवढासा करंट पुरतो. कोरड्या जांभ्यात आरसीसीबी ही चैन समजणाऱ्या माणसाने हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

अर्थिंगचे दोन खड्डे घेतले, तीन-तीन मीटरचे इलेक्ट्रोड, भोवती बेंटोनाइटची, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या मातीची भर. 13,000 रुपये. त्याचं मोजमाप मे महिन्यात करायचं असं लिहून दिलं. जुलैमध्ये भिजलेल्या मातीत आकडा सुंदर येतो, पण तो वर्षभराचा नसतो. वळवाच्या विजांचा भाग असल्याने डीबीत सर्ज, म्हणजे तारेतून अचानक येणारा जादा व्होल्टेजचा झटका, रोखणारं उपकरणही धरलं.

खांबापासून घरापर्यंत

दोन्ही स्वस्त दरांत जी सर्वात मोठी रक्कम नव्हती, ती ही. हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, खांब रस्त्यावर, मीटर फाटकापाशी, आणि तिथून घर 120 मीटर आत. ती केबल मालकाची.

साधारणपणे अशा ठिकाणी 16 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअम केबल टाकतात. तिचा रोध किलोमीटरला 1.91 ओहम. जाऊन-येऊन 240 मीटर, 25 अँपिअर: साडेअकरा व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे 5 टक्के. खेड्याकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. त्यात पाहुण्यांनी गिझर लावला की दिवे मंद आणि पंप कण्हायला लागतो. 35 चौरस मिलिमीटरला रोध 0.868, घट 5.2 व्होल्ट, सव्वादोन टक्के. मी 35 ची आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, केबल धरली. 125 मीटर, 210 रुपये दराने 26,250; जांभ्यात चर खणायला मीटरला 90 प्रमाणे 10,800; वाळू, विटा, ग्लँड, लग्ज मिळून 3,950. हा भाग 41,000.

काकांनी इथे चांगला मुद्दा काढला. मागच्या बाथरूमला गिझरऐवजी त्यांच्या घरातला तांब्याचा बंब बाहेर ठेवला तर? भार दोन किलोवॅटने कमी झाला असता. पण बंब लाकडी भिंतीपासून बराच दूर, वेगळ्या दगडी आडोशाला ठेवावा लागला असता, आणि मुसळधार पावसात तिथून पाणी कोण आणणार? गिझर राहिला.

बेरीज

आतल्या कामाची: वायर 45,800 (दीड चौरस मिलिमीटरच्या 7 कॉइल 2,300 ने, अडीचच्या 5 कॉइल 3,700 ने, चारच्या 2 कॉइल 5,600 ने), पाइप-डब्या-सीलंट 14,500, बटणं आणि प्लेटा 19,000, डीबी आणि संरक्षणाची उपकरणं 21,500, अर्थिंग 13,000. मजुरीचे तीन टप्पे: भिंत चढताना 10,200, नंतर वायर ओढणं आणि बोर्ड बसवणं 56 पॉइंटना 350 प्रमाणे 19,600, शेवटची फिटिंग आणि तपासणी 6,000. बेळगावहून ने-आण 5,500. हे झाले 1,55,100. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी 8 टक्के, 12,400. बाहेरची केबल धरून 2,08,500. तांब्याचा भाव रोज हलतो, त्यामुळे वायरचा दर फक्त पंधरा दिवसांसाठी पक्का, असं कागदावरच लिहिलं.

95,200 च्या दराशी फरक 1,13,300. त्यातले 41,000 बाहेरच्या केबलचे. 18,500 दुसऱ्या अर्थिंगचे आणि आरसीसीबी-सर्जचे, जे त्या दरात नव्हतेच. भिंत चढतानाची मजुरी, प्रवास आणि राखीव रक्कम 28,100. उरलेले 25,700 लांब वाटेच्या वायरचे, एक माप मोठ्या वायरचे आणि जीआय डब्यांचे.

काकांना मी आणखी एक तुलना करून दिली, आणि त्यांचा निर्णय बहुधा तिच्यावरच झाला. हेच घर जांभ्याचं, गिलावा केलेलं असतं, तर याच दर्जाचं आतलं काम 1,35,900 मध्ये झालं असतं. म्हणजे ओंडक्यांमुळे वाढलेला खरा खर्च 19,200, सुमारे 14 टक्के. लाकडी घराची वायरिंग दुप्पट महाग असते, हा समज मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो. योग्य वेळी सुरू केली तर ती तशी नसते. भिंती उभ्या राहिल्यावर हाक मारली तर मात्र पैसे ओतूनही हवं तसं काम मिळत नाही.

काम झाल्यावर

तिसऱ्या थरावर असताना दोन दिवस पाऊस लागला आणि सुतारांनी काम थांबवलं. वायरमन जोडीची ती मजुरी 3,400. लवचीक पाइप थोडा जास्त गेला, 1,800. घरभरणीच्या आधी काकींना देवघराजवळ आणि पडवीत एकेक सॉकेट वाढवून हवा होता. ते आता ओंडक्यांतून नेणं शक्य नव्हतं, म्हणून कोपऱ्यातून लाकडी रंगाचा पाइप फिरवला, 3,600. आतलं काम 1,63,900 वर थांबलं, राखीव रकमेतले 3,600 उरले. बाहेर चराच्या मधल्या भागात कडक जांभा लागला, तिथे 2,400 वाढले. अंतिम बिल 2,07,300.

ते दोन सॉकेट मुद्दाम सांगतो. आधी ठरले असते तर पडवीचा सॉकेट खालून दोन ओंडक्यांतून आला असता. भिंत झाल्यावर त्यांना प्रत्येकी 1,800 पडले आणि पाइप दिसतो तो दिसतोच. म्हणून आता मालकांना आमचं सांगणं असतं की पहिला ओंडका बसायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी रिकाम्या जोत्यावर खडूने आखलेल्या खोल्यांत एकदा फिरावं: देव कुठे, फ्रीज कुठे, फोन चार्जिंगला कुठे लावणार.

वीज जोडणीच्या अर्जाला परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा पूर्तता अहवाल लागतो. अर्ज कन्नडमध्ये, आमचं अंदाजपत्रक मराठीत. लोड आणि सर्किटांची यादी दोन्हीकडे अंकांत सारखी ठेवली, त्यामुळे अडलं नाही.

वर्षभराने मे महिन्यात तपासणीला गेलो. दाराजवळच्या खांबावर आम्ही पेन्सिलीने खूण केली होती. वरचा ओंडका तिथून पावणेदोन इंच खाली आला होता. छताकडचे वळसे तेवढे सैल झाले होते, एकाही डबीत वायर ताणलेली नव्हती. अर्थिंग 4.6 ओहम आलं. आरसीसीबी टेस्ट बटणावर तिन्ही पडले. पॉवरच्या पाच सॉकेटांत स्क्रू थोडे ढिले निघाले, ते आवळले. लाकूड हलत असताना हे होणारच, म्हणून पहिली तीन वर्षं दर मे महिन्यात अशी तपासणी करायची, 1,500 रुपये वर्षाला, हे आम्ही अंदाजपत्रकातच वेगळ्या ओळीत लिहायला लागलो आहोत.

काकांच्या ओळखीतल्या एकांनी कणकुंबीच्या बाजूला असंच घर घ्यायचं ठरवलंय. त्यांचे ओंडके अजून आलेले नाहीत, जोतंही झालेलं नाही. सुताराला, त्यांना आणि आमच्या वायरमनला एकत्र बसवून बोर्डांच्या जागा आधी ठरवायच्या आणि मगच आकडा द्यायचा, असं मी त्यांना कळवलंय. पैशांचे हप्तेही तसेच मांडलेत: एकूण रकमेचा चौथा भाग पहिल्या ओंडक्याआधी, कारण सर्वात अवघड काम त्याच आठवड्यात होतं.